दार आतून बंद होते

सुताराने मूठ फिरवली आणि दार उघडलं. एवढंच झालं. सकाळचे दहा वाजून गेले होते, प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात बावीस जण अर्धवर्तुळात उभे होते, आणि मी पहारीचं टोक दार-चौकटीच्या फटीत घालून ‘जोर मनगटाचा नाही, अंगाचा लावायचा’ असं सांगत होतो. सुतार म्हणजे तुकडीतला सगळ्यात वयस्कर गडी, तिशी ओलांडून अग्निशमन दलात भरती झालेला, त्याआधी खरोखरच सुतारकाम करणारा. तो पुढे आला, माझ्या कोपराखालून हात घातला, गोल मूठ उजवीकडे फिरवली, आणि दार माझ्या पहारीसकट आत गेलं. ‘मास्तर, हे उघडंच आहे की,’ तो म्हणाला. त्यात खोडी नव्हती. लाकूड उगाच खराब होतंय याचं त्याला वाईट वाटलं असावं. मागून कुणीतरी ‘काखेत कळसा!’ म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. ‘शाब्बास,’ म्हणालो, ‘कोण तोंड उघडतंय तेच बघत होतो.’ थाप बेमालूम जमली. सगळ्यांना पटली, फक्त सुताराला नाही. तो चौकटीचा टवका उडाला होता तिथे अंगठा फिरवत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

बारा वर्षं मी हेच दार शिकवतो आहे. पहिली गोष्ट कायम तीच, मूठ फिरवून बघा. रोज मी आधी ते करून दाखवतो, मग दाराला किल्ली लावतो, मग तोडायला घेतो. दुसरी गोष्ट, हाताची मागची बाजू दाराजवळ न्या, खालून वर, म्हणजे आग किती जवळ आहे ते कळेल. फटीतून धूर नुसता बाहेर येतोय की आतही ओढला जातोय ते बघा. ओढला जात असेल तर आग हवेसाठी उपाशी आहे, तिच्या तोंडात आयता घास देऊ नका. पाण्याची नळी भरून मागे तयार आहे ना, ते विचारा. मुठीला दोरी बांधा, म्हणजे दार सताड उघडणार नाही, तुमच्या हातात राहील. समोर उभं राहू नका, कडेला, गुडघ्यावर. पहारवाल्याने ‘मार’ म्हटल्याशिवाय घणवाल्याने घण उचलायचा नाही. आणि दार आत ढकलताना हळू, फार हळू, कारण बाहेर पडू बघणारं माणूस बहुतेक वेळा दारामागेच पडलेलं असतं. हे सगळं मी झोपेतसुद्धा सांगेन. बायको म्हणते, सांगताच तुम्ही, मला तोंडपाठ झालंय. सहाएकशे लोक माझ्या हाताखालून गेले असतील, आणि त्यातला एकही मूठ फिरवल्याशिवाय पहार उचलणार नाही, याचा मला गर्व होता. गर्व म्हणजे काय, मी त्यावर जगत होतो. आणि आज माझाच हात सरळ पहारीकडे गेला. दार उघडं की बंद हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. पुन्हा.

कारण मला ठाऊक होतं. चार वाजता ती येणार होती. परवा तिचा फोन आला तेव्हा मी केंद्राच्या ऑफिसात चहा पीत होतो. आवाज तरुण, नीट, ठरवून शांत ठेवलेला. तिने इमारतीचं नाव सांगितलं, तिसरा मजला सांगितला, तारीख सांगितली. तारखेची गरज नव्हती. ‘दार तुम्हीच तोडलंत ना?’ मी हो म्हटलं. ‘मी तिची मुलगी. तेव्हा बारा वर्षांची होते. दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले, त्यांच्या कागदात तुमचा अहवाल मिळाला. त्यात लिहिलंय, दार आतून बंद होतं. मला एवढंच विचारायचंय, आईने दार आतून का लावलं असेल? तुम्ही पाहिलंत ना ते दार. तुमच्याशिवाय सांगणारं कुणी उरलं नाही.’ मी म्हणालो, या, चार वाजता या. चहा तसाच राहिला. तेव्हापासून ती वेळ माझ्या अंगात खिळ्यासारखी बसली आहे. काल रात्री जेवताना, आज दाढी करताना, पहार उचलताना, प्रत्येक वेळी चार वाजत होते.

तो दिवस असाच होता, लख्ख दुपार, तीनचा सुमार. जिन्यात धूर फार नव्हता. माझ्याबरोबर घण्या होता. त्याला घण्या म्हणायचे कारण घण त्याच्याच हातात शोभायचा. आम्ही नऊ वर्षं जोडीने दारं फोडली होती, मी पहार धरायची आणि त्याने मारायचं. दुसऱ्या मजल्यावर एक शेजारी ओला टॉवेल तोंडाला लावून खाली येत होता. ‘आतून बंद आहे,’ तो म्हणाला. ‘आम्ही ठोकून ठोकून थकलो, आतून बंद आहे.’ त्याच्या मागची बाई म्हणाली, आतून लावलंय हो. खाली जमलेले लोकही तेच ओरडत होते. आता मी वर्गात सांगतो, शेजाऱ्याचा शब्द म्हणजे कुलूप नव्हे. ठोकणं वेगळं, उघडून बघणं वेगळं. लोक दुसऱ्याच्या दाराची मूठ फिरवत नाहीत, सभ्यपणा आड येतो, घर जळत असलं तरी. पण तेव्हा मला एवढं शहाणपण नव्हतं. होतं, पण घाई त्याहून मोठी होती. खरं सांगायचं तर घाईही नव्हती. हौस होती. दार तोडायची एक हौस असते, ती कुणी बोलून दाखवत नाही. हातात पहार असली की समोरचं प्रत्येक दार बंदच वाटतं. मी पोचल्या पोचल्या घण्याला म्हणालो, मूठ उडव. त्याने एका घावात उडवली. मूठ पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली. तो आवाज मी आजही कुठेही ऐकतो, कुणाच्या हातून भांडं पडलं तरी.

दाराला पत्रा मारलेला होता. पहारीचं टोक फटीत शिरेना. मी ‘मार’ म्हणत होतो, घण्या मारत होता, टोक निसटत होतं, पुन्हा लावत होतो. मास्कमध्ये स्वतःचाच श्वास कानात घुमत होता. अशा वेळी माणसाला वाटतं की आपण केवढं काम करतोय. दोन मिनिटं दहा सेकंद. हा आकडा माझा नाही, वायरलेसच्या नोंदीतला आहे: ‘दारापाशी पोचलो’ आणि ‘आत शिरलो’ या माझ्याच दोन वाक्यांमधला. दार गेलं, आणि मी निदान ते हळू ढकललं. ती बाई दारामागेच होती. कुशीवर, एक हात पुढे. श्वास चालू होता. मी तिला उचललं, खाली आणलं, लोकांनी वाट करून दिली, कुणीतरी टाळी वाजवली. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासाने ती गेली. आम्हा दोघांना प्रशस्तिपत्र मिळालं. माझं ऑफिसात खुर्चीमागे लावलेलं आहे. मी लावलं नाही, दुसऱ्यांनी लावलं, पण काढलंही नाही.

पाचच्या सुमाराला, सगळं विझल्यावर, मी हत्यारं गोळा करायला परत वर गेलो. दार भिंतीला टेकून ठेवलं होतं. सवयीने पाहिलं. वरची कडी मागे सरकवलेली होती, आणि सरळ होती. लावलेली कडी पहारीने तुटते तेव्हा वाकते, नाहीतर चौकटीतून कोयंडा उपसून येतो. इथे काहीच वाकलं नव्हतं. मुठीच्या आतल्या अर्ध्या भागावर कुलपाचं बटण असतं, ते दाबलेलं नव्हतं. मी बाहेरची मूठ शोधली; ती खालच्या वळणावर पडली होती. आतल्या भागाला लावून फिरवली. फिरली. अगदी सहज, तेल घातल्यासारखी फिरली. मी ती तीनदा फिरवली, जणू चौथ्या वेळी अडकेल आणि मी सुटेन. मग कचऱ्यात टाकून दिली.

अहवालाच्या फॉर्मवर एक रकाना असतो: ‘प्रवेशास विलंब झाल्यास कारण’. दोन मिनिटं दहा सेकंद म्हणजे विलंब. मी पेन घेऊन बसलो होतो. घण्या शेजारी बूट काढत होता. मी त्याला कडीबद्दल सांगितलं. तो बराच वेळ पायाची बोटं चोळत राहिला आणि म्हणाला, ‘सगळे म्हणतच होते ना, आतून बंद आहे? तेच लिही. आपण कुठे खोटं बोललो?’ मी लिहिलं, दार आतून बंद होते. चार शब्द. मला वाटलं, बाई तर गेली, आता त्या दाराचं कुणाला काय? माणूस किती ढ असू शकतो! दार आतून बंद होतं, घरात बाई एकटी होती, आणि आग लागली, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की लोक चौथी आपोआप जोडतात, की तिने स्वतःला संपवलं. मी तो विचार केलाच नाही. पुढे उडत उडत कानावर आलं की नवऱ्याची चौकशी झाली, माहेरच्यांनी संबंध तोडले. मी म्हणालो, असेल काहीतरी त्यांच्यात. हो, हेसुद्धा मी म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी जवळून पाहिलं, आणि चोर असून घरी येऊन जेवलो.

त्यानंतर दीड महिन्याने मी शिकवण्याच्या कामावर बदली मागून घेतली. लोक म्हणाले, मनाला लागलं बिचाऱ्याच्या. घरीही माझं एक वेड सुरू झालं. कुठलंही दार दिसलं की मी मूठ फिरवून बघतो. व्याह्यांच्या घरी, बँकेत, दवाखान्यात. न्हाणीघराची आतली कडी मी काढूनच टाकली, मुलं मोठी झाली तरी. मुलीने एकदा रडून गोंधळ घातला तेव्हा बायकोने पडदा लावला. ‘अहो, उघडंच आहे, या की आत,’ ती म्हणते, मी आपल्याच घराच्या दारात मूठ फिरवत उभा असलो की. तिला वाटतं, धंद्याची खोड. मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्यापाशी बोललो असतो तर ती म्हणाली असती, जा आणि सांगून या, आणि मला तेच नको होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी घण्याला फोन लावला. तो निवृत्त झालाय, गुडघे गेलेत, नातवाला शाळेत सोडतो. मी म्हणालो, तिची मुलगी येतेय चार वाजता. तो म्हणाला, ‘काय सांगणार तू?’ मी म्हणालो, माहीत नाही. ‘अरे बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा वर्षांनी उकरून कुणाचं भलं होणार? सांग, दाराचा लॅच कधी कधी आपोआप बसतो. ते काही खोटं नाही. पोरीचंही समाधान होईल.’ कल्पना वाईट नव्हती. आपोआप बसणारा लॅच. कुणाचाच दोष नाही. तिच्या आईने लावलं नाही, आम्ही चुकलो नाही, लॅच बसला. मी डबा न उघडता, फोन कानाला धरूनच, ते वाक्य मनातल्या मनात वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. ‘बरेचदा असं होतं, बघ.’ ‘जुन्या लॅचचं तसंच असतं.’ वाक्य तोंडात चांगलं बसत होतं. तेवढ्यात घण्या म्हणाला, ‘मला अजून स्वप्नात दिसतं रे, मी मारतोय, मारतोय, आणि आतून कुणीतरी मूठ फिरवतंय.’ मग म्हणाला, ‘जाऊ दे, नातवाला आणायची वेळ झाली,’ आणि फोन ठेवला. बारा वर्षांत तो हे एकदाही बोलला नव्हता. मी हात धुतले, पुन्हा धुतले. पाहता पाहता साडेतीन झाले.

ती पाच मिनिटं आधीच आली. चोवीस वर्षांची, पाठीला सॅक, केस घट्ट बांधलेले. मी उठून उभा राहिलो आणि ‘बसा’ म्हणालो. ‘काका, मला अहोजाहो नका करू,’ ती म्हणाली आणि बसली. तिची नजर माझ्या खुर्चीमागे गेली, प्रशस्तिपत्रावर. तिने ते सगळं वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. ‘तुम्ही तिला उचलून आणलंत,’ ती म्हणाली. ‘थँक्यू म्हणायचंच राहिलं होतं इतकी वर्षं.’ मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि मीच प्यालो. तिने सॅकमधून अहवालाची प्रत काढली, घडीवर फाटायला आलेली. त्या रकान्याखाली पेन्सिलची रेघ होती. ‘बाबांनी मारलीय ही,’ ती म्हणाली. ‘ते शेवटपर्यंत कुणाशी बोलले नाहीत यावर. मामाने त्यांचं तोंड बघितलं नाही, वारल्यावरसुद्धा आला नाही. पण मी त्यासाठी नाही आले. बाबांनी काही केलं नाही हे मला माहितीये. केलं ते मी.’

मला काही कळेना. ती खाली बघून, भरभर, पाठ केलेलं म्हणावं तसं बोलत होती. ‘आदल्या दिवशी माझी घराची किल्ली हरवली. तिसऱ्यांदा. आई खूप ओरडली. सकाळी शाळेत जाताना पुन्हा ओरडली. मी दारात उभी राहून म्हटलं, नको देऊस किल्ली, मी परत येतच नाही तुझ्या घरात. आणि जोरात दार आपटून गेले. साडेतीनला शाळा सुटली, आले, तर खाली ही गर्दी. सगळे म्हणत होते, तिने आतून लावून घेतलं, आतून लावून घेतलं. तिला माहीत होतं मी किल्लीशिवाय येणार. म्हणजे मला बाहेर ठेवायला लावलं ना तिने? की मग... मी म्हटलं येत नाही, म्हणून... मला फक्त एवढंच सांगा, कडी लावलेली होती की नुसता लॅच? कडी असेल तर तिने ठरवून लावली. लॅच असेल तर चुकून बसला असेल. मी दोन्ही ऐकून घेईन.’

लॅच. तिने ते वाक्य स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. ती अर्धी सुटली असती, मी पूर्ण. बाहेर अंगणात तुकडीचा सराव चालू होता. सुताराचा आवाज येत होता, ‘आधी मूठ, आधी मूठ.’ मी भित्रा माणूस आहे. आगीत जायला धैर्य लागत नाही, तिथे सगळे बरोबर असतात. मी म्हणालो, ‘दार उघडं होतं.’

‘म्हणजे?’

‘कडी लावलेली नव्हती. कुलूपही नव्हतं. मूठ फिरवली असती तर उघडलं असतं. मी नंतर तपासलं.’

तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड हळूहळू लहान होत गेलं, बारा वर्षांच्या मुलीचं. ‘उघडं ठेवलं होतं?’ ती म्हणाली. ‘माझ्यासाठी?’ मी म्हणालो, ‘मला माहीत नाही कशासाठी.’ ‘किल्ली नव्हती ना माझ्याकडे,’ ती म्हणाली. ‘ती कधी उघडं ठेवायची नाही. दुपारी झोपायची तर दोनदा बघायची कडी. किल्ली नव्हती म्हणून ठेवलं.’ मग ती रडायला लागली, मोठ्याने, नाक पुसायचंही भान नाही असं. रडता रडता हसलीसुद्धा. ‘उघडं होतं. काका, उघडं होतं.’ बारा वर्षांत मी केलेलं हे एकच चांगलं काम, आणि मला ठाऊक होतं की ते अजून पुरं झालेलं नाही. तिच्या आनंदात तिला हिशेब सुचला नव्हता. मी गप्प बसलो असतो तर कदाचित घरी पोचल्यावर सुचला असता, किंवा दहा वर्षांनी, दार उघडताना कधीतरी.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. ‘हे लिहून द्याल? मामाला दाखवायचंय.’ मी म्हणालो, देतो. कोरा कागद घेतला, वर तारीख घातली. सही केली की दलात चौकशी बसेल, प्रशस्तिपत्र जाईल, कदाचित निवृत्तिवेतनही. ते सगळं मनात येऊन गेलं आणि आश्चर्य म्हणजे तिथे थांबलं नाही. भीती होती ती तिच्या डोळ्यांची. मी लिहिलं, अहवालातील नोंद खोटी आहे. दार आतून बंद नव्हते. मूठ फिरवून न पाहता मी ते तोडायला सांगितले. नोंद मी लिहिली, माझी चूक झाकण्यासाठी. इथे थांबता आलं असतं. तिला एवढंच हवं होतं, मामालाही एवढंच पुरलं असतं. मी पेन पुन्हा टेकवलं आणि लिहिलं, त्यात दोन मिनिटे दहा सेकंद गेली. सही केली आणि कागद तिच्याकडे फिरवून ठेवला.

ती ओठ हलवत वाचू लागली. पहिली ओळ वाचताना मान हलवली. दुसरी वाचताना डोळे पुन्हा भरले. शेवटच्या ओळीवर ती थांबली, तिथेच राहिली, मग वर जाऊन तिसरी ओळ पुन्हा वाचली आणि परत खाली आली. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू कुठे गेलं ते मी बघत होतो. बघायचं नव्हतं, पण नजर काढली नाही. तिने कागद टेबलावर ठेवला आणि तळव्याने सरळ केला.

‘तुम्ही दारापाशी पोचलात,’ ती हळू म्हणाली, ‘तेव्हा ती जिवंत होती?’

‘हो,’ मी म्हणालो.